किल्ली कुणाच्या कमरेला?

कुलूप हे माणसाच्या अविश्वासाचे चिन्ह आहे, असे मोठमोठे विचारवंत सांगतात. त्यांनी बहुधा आमच्या तिरोड्याची कुलपे पाहिलेली नसावीत. आमच्याकडे परगावी जायचे म्हणजे दाराला पावशेराचे कुलूप घालायचे, ते तीनदा ओढून पाहायचे, आणि मग त्याची किल्ली शेजारच्या काकूंच्या हवाली करायची. काकू नेमक्या बाजारात गेल्या असतील तर किल्ली चौकटीच्या वर, तुळशीच्या कुंडीखाली किंवा अंगणातल्या पालथ्या बादलीखाली ठेवायची. या तीन जागा गावातल्या चोरांना ठाऊक नसतील असे मानणे हा चोरांचा अपमान आहे. पण त्या जागा शाळेतून परतलेल्या पोरालाही ठाऊक असतात, दुपारच्या गाडीने न कळवता आलेल्या मामांनाही ठाऊक असतात, आणि म्हणून आमच्याकडे आजवर कुणी स्वतःच्या घराबाहेर उपाशी मेलेला नाही.

म्हणजे कुलूप लावणे ही निम्मीच विद्या झाली. उरलेली निम्मी विद्या किल्लीची. कुलूप चोरासाठी असते, किल्ली घरासाठी असते. आमच्या आज्या-पणज्यांना ही दुसरी विद्या पक्की अवगत होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, कमर घराच्या मध्यभागी, आणि घर त्या कमरेभोवती, अशी त्या काळची राज्यघटना होती. सुनेच्या हाती जुडगा गेला की सत्तांतर झाले. पण एकही आजी ढोलीची किल्ली कुठे आहे हे न सांगता स्वर्गवासी झाली नाही. शेवटच्या क्षणी वाचा गेली तरी बोट फडताळाकडे गेलेच!

ही सगळी प्रस्तावना ज्या कुलपासाठी केली ते कुलूप मात्र या परंपरेतले नाही. ते संगणकाच्या पोटात, हार्ड डिस्क नावाच्या कोठीवर लागते. ते लावलेले दिसत नाही, लावताना आवाज होत नाही, आणि पुष्कळदा ते कुणी लावले हे विचारले तर घरातली सगळी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या कुलपाला शास्त्रात एन्क्रिप्शन म्हणतात. मराठीत कूटबद्ध करणे असा शब्द आहे. त्यातले 'बद्ध' आपण असतो आणि 'कूट' नंतर कळते.

साध्या कुलपात आणि या कुलपात फरक काय, ते आमच्या धानाच्या मुलखातल्या माणसाला चटकन समजेल. साध्या कुलपात कोठीतले धान जसेच्या तसे असते, फक्त दार बंद असते. दार फोडले की धान मिळाले. कूटबद्ध कोठीत धान नसतेच. ते सगळे दळून, कालवून, अशा पिठाच्या रूपात ठेवलेले असते की त्यातला कुठला कण कुठल्या लोंबीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. किल्ली लावली की त्या पिठाचे पुन्हा दाण्याला दाणा जुळून धान होते. किल्ली नसेल तर दार फोडा, कोठी फोडा, डोके फोडा. हाती पीठच येणार! आणि तेही भाकरीच्या कामाचे नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने हे कुलूप बिटलॉकर या नावाने २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर बाजारात आणले. तेव्हा ते महागड्या आवृत्त्यांतच मिळायचे आणि ज्याला हवे तो मुद्दाम लावायचा. पुढे कंपनीचा आपल्यावरचा लोभ वाढला. विंडोज ११ ची २४एच२ नावाची आवृत्ती २०२४ साली आली, तेव्हापासून नव्याने विंडोज बसवलेल्या बहुतेक संगणकांवर, आपण कंपनीच्या खात्याने आत शिरलो की, त्याचाच धाकटा भाऊ 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपणहून कामाला लागतो. आपण नवा लॅपटॉप घरी आणतो, त्याला कुंकू लावतो, पेढा ठेवतो, आणि तिकडे आत गिरणी सुरू झालेली असते.

या कुलपाची एक राखीव किल्ली असते. तिचे नाव रिकव्हरी की. ही किल्ली म्हणजे ४८ आकडे. सहा-सहा आकड्यांचे आठ डबे, मालगाडीसारखे एकामागे एक. एरवी तिचे काही काम पडत नाही. कारण रोजचा दरवाजा संगणकातली एक चिप गुपचूप उघडून देत असते. पण मदरबोर्ड बदलला, आतली मूळ मांडणी हलली, किंवा चिपला नुसता संशय आला, की निळा पडदा पुढे येतो आणि म्हणतो, ४८ आकडे सांगा. ते अंदाजाने सांगू म्हणाल तर एकूण शक्यता ३४ वर ३७ शून्ये इतक्या आहेत. आमच्या बँकेत एवढी शून्ये फक्त थकीत कर्जांच्या बैठकीत ऐकू येतात.

मग ही किल्ली असते कुठे? इथे खरी मेख आहे. ती कंपनीच्या घरी, आपल्या नावाच्या खात्यात टांगलेली असते. आता 'आपल्या नावाचे खाते' हे शब्द कितीही जिव्हाळ्याचे वाटले तरी वस्तुस्थिती काय असते?

समजा, आमच्या तालुक्यातले एक गुरुजी आहेत. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून लॅपटॉप घेतला. त्यात तीस वर्षे गोळा केलेल्या झाडीबोलीतल्या म्हणी आणि दंडारीची गाणी टंकून ठेवली, नातवाच्या बारशाचे फोटो ठेवले, पतसंस्थेचा हिशेब ठेवला. लॅपटॉप सुरू करून देताना दुकानातल्या पोऱ्याने एक ई-मेल खाते उघडले. कारण त्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. खात्याला पासवर्ड पोऱ्याने दिला, मोबाइल नंबर घाईत कुणाचा तरी घातला, आणि गुरुजींना सांगितले, "सर, आता चार आकड्यांचा पिन टाकला का झालं." गुरुजी चार आकड्यांवर सुखाने तीन वर्षे राहिले. चौथ्या वर्षी विजेच्या कडकडाटात मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने नवा घातला. निळा पडदा आला. ४८ आकडे द्या! पोऱ्या तोवर सुरतेला नोकरीला. गुरुजींना खात्याचे नावही आठवत नाही. कारण ते त्यांना कधी सांगितलेलेच नव्हते. आणि कंपनीचे अधिकृत उत्तर लेखी आहे: हरवलेली रिकव्हरी की आम्ही शोधून देऊ शकत नाही, नवी करून देऊ शकत नाही, संगणक रिसेट करावा. रिसेट या शब्दाचा मराठी अर्थ, म्हणी विसरा, गाणी विसरा, नातवाला पुन्हा पाळण्यात घाला.

हे गुरुजी काल्पनिक असले तरी असंभव नाहीत. हा प्रकार मी एकदा धानाच्या चुकाऱ्याची चौकशी करायला काउंटरवर आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला, गर्दी नसल्यामुळे, सविस्तर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग ताला कोनाचा जी? गुरुजीचा का त्या कंपनीचा?" मी म्हटले, गुरुजींचा. "मंग चाबी काऊन नाई देल्ली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझे म्हणणे असे, की जगात कुणाकडेच नाही. ज्या कुलपाची किल्ली मालकाच्या हातात कधी दिलीच नाही त्याला संरक्षण म्हणत नाहीत. आमच्या वसुली खात्यात त्याला जप्ती म्हणतात.

माझा एक भाचा पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या नोकरीला आहे. तो सुट्टीत आला की माझ्या अज्ञानावर त्याचा चांगला वेळ जातो. तो म्हणतो, "मामा, तुम्ही कुलपाच्याच विरुद्ध आहात. उद्या विदर्भ एक्सप्रेसमधून तुमच्या ऑडिटरचा लॅपटॉप चोरीला गेला आणि त्यात हजार खातेदारांचे आधार नंबर निघाले तर?"

भाच्याचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. पूर्वी लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की आतले सारे उघडे पडायचे. विंडोजचा पासवर्ड म्हणजे दाराला टांगलेली लिंबू-मिरची होती. कूटबद्ध डिस्क चोराला निव्वळ लोखंडाच्या भावाने विकावी लागते. डॉक्टरांकडच्या रोग्यांच्या नोंदी, वकिलांची कागदपत्रे, पत्रकाराचे टिपण, कुणा बाईने नवऱ्यापासून लपवून ठेवलेले चार पुरावे, या सगळ्यांना असे भक्कम कुलूप हवेच. कुलपाशी माझे भांडण नाही. माझे भांडण किल्लीशी आहे. कुलूप बनवणाऱ्याने गणिताची कमाल केली आणि किल्लीच्या बाबतीत साध्या किराणा दुकानदाराइतकीही अक्कल वापरली नाही, असा माझा आरोप आहे. गोदरेजचे कपाट घेतले तर दुकानदार दोन किल्ल्या हातात देतो, "एक वेगळी ठेवा बरं का वहिनी," असे वर सांगतो. एवढे एक वाक्य बोलणारा माणूस संगणकाच्या साऱ्या साखळीत कुठेही नाही.

आणि हे मी कुणाच्या जिवावर बोलतो? बँकेच्या. संगणकवाल्यांना वाटते, किल्ली सांभाळण्याचा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला. बाबांनो, आम्ही बँकवाले पिढ्यान्‌पिढ्या दुसरे काय करत आलो? स्ट्राँगरूमचे दार एका माणसाने उघडायचे नसते. दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एक मॅनेजरच्या खिशात, दुसरी हेड कॅशियरच्या; एकाला मोह झाला तर दुसऱ्याला होऊ नये आणि दोघांना एकदम झाला तर निदान साक्षीदार असावा, हे त्यामागचे तत्त्वज्ञान. कोणती किल्ली कधी कुणाकडे गेली याचे रजिस्टर. रजेवर जाणाऱ्याने सही करून द्यायची, येणाऱ्याने सही करून घ्यायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे किल्ल्यांचा डुप्लिकेट संच, लाखेची मोहोर करून, दुसऱ्या शाखेत ठेवायचा. आपल्याच तिजोरीत नव्हे. तिजोरीची डुप्लिकेट किल्ली तिजोरीतच ठेवणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या टोकाला बदलून जातो.

याउलट संगणकाच्या दुनियेत काय चालते ते १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षेच्या प्रणालीत एक सदोष सुधारणा धाडली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. मुंबईच्या विमानतळावर हाताने चेक-इन करावे लागले, देशात ठिकठिकाणी प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले. आमच्या रिझर्व्ह बँकेने चौकशी करून सांगितले, की फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. असो, आपलीच पाठ किती थोपटायची!

पण खरी करमणूक पुढे होती. बिघाड साधा होता. एक फाइल पुसली की संगणक सुरू. मात्र ती पुसायला आत शिरायला हवे, आणि आत शिरायला, बरोबर ओळखलेत, ४८ आकडे! प्रत्येक संगणकाचे वेगळे. तंत्रज्ञ किल्ल्यांची यादी काढायला गेले, तर कित्येक ठिकाणी यादी ज्या सर्व्हरवर होती तोच सर्व्हर निळा होऊन बसलेला. म्हणजे तिजोरीची डुप्लिकेट तिजोरीतच! जगातल्या बड्याबड्या कंपन्यांतली हुशार माणसे एकेका संगणकापुढे बसून सहा-सहा आकडे मोठ्याने म्हणत होती आणि दुसरी टंकत होती. आमच्या शाखेत पूर्वी लेजर ताडून पाहताना हेच दृश्य असायचे. ऑस्ट्रेलियातल्या एका हिशेबतपासनीस संस्थेच्या लोकांनी डोके चालवले. त्यांनी त्या आकड्यांचे बारकोड केले आणि दुकानात साबणाच्या वडीवर फिरवतात तसल्या स्कॅनरने ते भराभर आत घातले. हिशेबाची माणसे ती हिशेबाचीच!

डुप्लिकेट दुसऱ्या गावी का ठेवायची याचा याहून मोठा धडा २०१७ सालचा आहे, आणि त्यात आपले न्हावा शेवाही आहे. त्या वर्षी जूनच्या अखेरीस नॉटपेट्या नावाची पिडा युक्रेनमधून सुटली आणि जगभरचे संगणक कूटबद्ध करत सुटली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोसळले आणि तिच्या समूहाकडे असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. पडद्यावर खंडणीची मागणी होती. पण ती भरूनही उपयोग नव्हता, कारण तिथे दाखवलेला आकडा खोटाच होता. किल्ली अस्तित्वातच नव्हती. कुलूप आहे आणि किल्ली नाही, ही गोष्ट चोराने केली तर आपण तिला सायबर हल्ला म्हणतो, हे ध्यानात ठेवा.

मर्स्कचे ४५ हजार संगणक नव्याने मांडावे लागले. पण साऱ्या जाळ्याची वंशावळ ज्यात असते ते मुख्य संगणक जगभर सगळे एकमेकांच्या नकला असल्यामुळे एकदमच पुसले गेले होते. शोधता शोधता घाना देशात एक प्रत शाबूत सापडली. का शाबूत? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! ती प्रत विमानाने इंग्लंडात नेली आणि कंपनी वाचली. आमच्या तिरोड्यात ३३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. उशाशी एवढी वीज घेऊन झोपणाऱ्या गावालाही वीज जाण्याचा अनुभव आहे. पण अंधाराने अब्जावधींचा धंदा वाचवला, हे ऐकल्यापासून दिवे गेले की मी कुरकुरत नाही. कुठल्या कंपनीचे भले चालले असेल कोण जाणे!

आता वळू या दुसऱ्या एका ढोंगाकडे. "पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नये." हे वाक्य आजकाल 'धूम्रपान आरोग्यास अपायकारक आहे'च्या चालीवर जिथेतिथे ऐकू येते. शिवाय पासवर्ड कसा असावा? आठ अक्षरे, त्यात एक मोठे, एक छोटे, एक आकडा, एक चिन्ह, दर काही दिवसांनी बदलावा, मागचा पुन्हा वापरू नये, सोपा नसावा, आणि लक्षात राहावा. अशी सून शोधणाऱ्या सासूला आपण वेडी म्हणतो. हा नियम ज्यांच्या लेखणीतून उतरला ते अमेरिकेच्या मानक संस्थेतले बिल बर. त्यांनी २००३ साली हा उपदेश केला आणि २०१७ साली, निवृत्त झाल्यावर, त्यातल्या बऱ्याच भागाचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे वर्तमानपत्राला सांगून टाकले. त्याच वर्षी त्या संस्थेनेही कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नका असे नव्या नियमात घातले. चौदा वर्षे जगाने चिन्हे आणि मोठी अक्षरे पाठ केली. आमच्या ओळखीच्या एका शाखेत मात्र नियम अजून ताजा आहे. तिथल्या बाबूंचे पासवर्ड पत्नीचे नाव अधिक चालू महिना असे असतात, आणि बदली होऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पत्नींची नावे विचारतो ती सौजन्य म्हणून नव्हे.

माझे म्हणणे स्वच्छ आहे. लिहा! खुशाल लिहा. वहीत लिहा, ठळक लिहा. हे मी बी.कॉम. माणूस म्हणतो म्हणून सोडून देऊ नका. ब्रूस श्नायर या सुरक्षाशास्त्रातल्या नामवंताने २००५ सालीच सांगितले होते, की चांगला कठीण पासवर्ड घ्या आणि तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कागदाचे कपटे सांभाळणे माणसाला चांगले जमते. खरेच आहे. रशियात किंवा कुठे बसलेला भामटा तुमच्या संगणकात इंटरनेटवरून शिरेल. तुमच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, नॅप्थालीनच्या गोळ्यांमध्ये शिरायला त्याला तिरोड्याच्या स्टेशनवर उतरावे लागेल. उतरला तर गावात दहा जण विचारतील, "कोनाकडं जाता जी?"

सरकारचाही एक शब्द यात आहे. २०१५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. त्याप्रमाणे नागरिकांनी कूटबद्ध करून पाठवलेला मजकूर साध्या रूपात ९० दिवस जपून ठेवायचा होता, मागतील तेव्हा दाखवायला. म्हणजे पाकीट चिकटवायचे आणि पत्राची नक्कल हवालदारासाठी खुंटीला लावायची. एवढा गदारोळ झाला की मसुदा दोन-तीन दिवसांत मागे घेतला. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम जागेवर आहे. रीतसर आदेश निघाल्यावर संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो उघडून द्यायला मदत केली नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद. आता गंमत पाहा. किल्लीची जबाबदारी कायद्याने ताबेदाराची, किल्लीचा मुक्काम कंपनीच्या घरी, आणि किल्ली नावाची वस्तू आहे हेच ताबेदाराला माहीत नाही. आपल्या गुरुजींनी साहेबापुढे काय सांगावे? "साहेब, माह्याच संगणकानं मले ओळख देल्ली नाई जी"?

इथवर हसून झाले. पण ज्यासाठी हा सगळा त्रागा आहे ती गोष्ट हसण्याची नाही.

बँकेच्या काउंटरवर माणूस गेल्यानंतरची माणसे येतात. कपाळ नुकतेच मोकळे झालेली बाई, बरोबर दीर किंवा मोठा मुलगा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला. अशा वेळी आमच्या साऱ्या कागदी कारभाराला शिव्या देणारी माणसे हे विसरतात, की तो कारभार याच बाईसाठी कुणीतरी विचार करून रचलेला आहे. १९८५ पासून खात्याला वारसदाराचे नाव लावता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एकाच्या जागी चार नावे लावता येतात. लॉकरची किल्ली हरवली किंवा लॉकरवाला गेला, तरी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. साक्षीदार बोलवा, कारागिराकडून कुलूप फोडा, आतल्या वस्तूंची यादी करा, सह्या घ्या, द्या. वेळ लागतो, खेटे पडतात. पण शेवटी त्या बाईचे मंगळसूत्र त्या बाईला मिळते. मृत्यूचा दाखला ही आमच्याकडे किल्ली आहे.

संगणकाला मृत्यूचा दाखला वाचता येत नाही. आजकाल माणसाचे अर्धे आयुष्य त्या डिस्कवर असते. शेताच्या कागदांच्या प्रती, विम्याची यादी, कुणाला किती उसने दिले त्याचा हिशेब, मुलीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ, गेलेल्या माणसाचा आवाज. गूगलने २०१३ पासून, ॲपलने २०२१ पासून आपल्यामागे खात्याचे काय करायचे आणि ते कुणाला द्यायचे हे आधी सांगून ठेवण्याची सोय केली; चांगले केले. पण टेबलावर पडलेल्या त्या कूटबद्ध लॅपटॉपला वारसदार नाही, साक्षीदार नाही, कारागीर नाही. तो चोराला आणि विधवेला एकच निळा पडदा दाखवतो. ज्या कुलपाला चोर आणि घरधनीण यांतला फरक कळत नाही, त्याचे गणित कितीही थोर असो, ते अर्धवट कुलूप आहे. आणि अर्धवटपणाचा दोष त्या बाईचा नाही, तिच्या नवऱ्याचाही नाही. ज्याने न विचारता कुलूप लावले त्याचा आहे.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. एक, कुलूप लावण्यापूर्वी विचारा. आम्हाला वाचता येईल अशा भाषेत, 'सहमत आहे'च्या चाळीस पानांत दडवून नव्हे. दोन, विकत घेतानाच ४८ आकडे छापील कागदावर द्या आणि मिळाल्याची सही घ्या. सही करताना माणूस विचारतो, "हे काय आहे?" आणि तिथेच निम्मे काम होते. तीन, दुकानदाराने दुसऱ्याच्या घरच्या खात्याला आपला पासवर्ड लावणे हा गुन्हा नसला तरी पाप आहे असे जाहीर करा.

कंपनी हे वाचणार नाही. म्हणून वाचकहो, तुम्ही वाचा. आज संध्याकाळी लॅपटॉप उघडा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे का ते पाहा. असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून रिकव्हरी की शोधा आणि दोन कागदांवर उतरवून काढा. एक ट्रंकेत, एक दुसऱ्या गावी बहिणीकडे. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र नको, गडचिरोली आठवा. उतरवलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत याची एक युक्ती सांगतो. ती कॉमर्सवाल्यालाच भावेल. त्या आठ डब्यांतली प्रत्येक सहा आकडी संख्या ११ ने निःशेष भागली जाते. १२३४५३ ला ११ ने भागा, ११२२३ येतात, बाकी शून्य. डबा रुळावर आहे. बाकी उरली तर उतरवताना चूक झाली, पुन्हा पाहा. आठही डबे भागून झाले आणि बाकी शून्य आली, की दिवसअखेर कॅश जुळल्याचा आनंद होतो, आणि तो फुकट आहे.

मग तो कागद घडी करून सौभाग्यवतींच्या हाती द्या. त्या विचारतील, "हे काय?" सांगा, घराची किल्ली आहे. त्या म्हणतील, एवढी लांब? म्हणा, हो. लांब आहे, पण आता आपली आहे.